बांबोळीला नेण्याआधी : प्रस्तावना

मालवण किनाऱ्यावर ‘तेका बांबोळीक न्हेल्यानी’ एवढे कानावर आले की ऐकणारा पुढचे विचारत नाही. माणूस अत्यवस्थ आहे, इथल्या डॉक्टरांनी हात टेकले आहेत आणि गाडी शंभरेक किलोमीटरवरच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे निघाली आहे, हे सगळे त्या तीन शब्दांत येते. ओरोसला २०२१ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पडव्यालाही एक आहे. तरी लोकांच्या तोंडचे वाक्य अजून बदललेले नाही.

ती गाडी निघण्याआधीच्या तासाभरात आणि वाटेत आपण जे काही करतो, त्यातले खरोखर उपयोगाचे किती आणि ते ठरवायचे कसे, हा या पुस्तकाचा विषय. त्याचे रीतसर नाव ‘आपत्कालीन व अतिदक्षता वैद्यकातील क्लिनिकल संशोधन’. नाव एवढे लांबलचक की इंटर्नशिपला आलेली मुले ते वाचूनच दबकतात. संशोधन म्हणजे मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांतले, यंत्रांचे आणि अनुदानांचे काम. आपल्याकडे सलाईन लावायचे, इंजेक्शन द्यायचे, रेफर करायचे, अशी त्यांची वाटणी आधीच होऊन गेलेली असते. ही वाटणी मला मान्य नाही, आणि माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा कोकणातलाच आहे. त्याकडे येतोच. त्याआधी पाण्याच्या एका बादलीविषयी सांगू द्या.

रापण ओढताना पायाला वागळीचा काटा लागलेला माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या वेदनेविषयी सांगावे लागत नाही. एरवी वादळात होडी घालणारा गडी, पण ओठ चावत, घामाने निथळत येतो. त्याच्याबरोबरचे वयस्क मच्छीमार बहुधा एकच गोष्ट सांगतात : पाय ऊन पाण्यात घाल. आम्ही बादली मागवतो. पाणी सोसवेल इतपतच गरम, पंचेचाळीस अंशांच्या आसपास. आणि त्याच्या पायाला वेदनेपुढे भाजल्याचे कळणार नाही म्हणून आधी आपला हात घालून पाहायचा. पाणी निवत आले की नवे ओतायचे. अर्ध्या-पाऊण तासात बहुतेकांचा चेहरा सैल होतो. हा उपाय पुढे रीतसर तपासला गेला आहे आणि समुद्री काट्यांच्या दंशावर तो चालतो, असेच दिसले आहे. का चालतो, याचा वाद मात्र मिटलेला नाही. विषातली प्रथिने उष्णतेने मोडतात म्हणावे, तर मांसाच्या आत तेवढी उष्णता पोचते का, अशी शंका येते. कदाचित उष्णता वेदनेच्या संदेशातच ढवळाढवळ करत असेल. क्लिनिकल संशोधनाची ही पहिली ओळख करून घ्या. त्याचा पहिला प्रश्न ‘का’ हा नसतोच. माणसाला बरे वाटते का, किती जणांना, काही न करता वाटले असते त्याहून जास्त का, हे ते आधी विचारते.

यातला शेवटचा तुकडा सगळ्यात अवघड. गावात साप चावल्यावर विष उतरवणारा असतो. त्याच्याकडे शंभर माणसे गेली तर त्यातली बरीच वाचतात, कारण चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. मंत्र घालणाऱ्याला हे ठाऊक नसते. त्याला दिसते एवढेच, की आपण मंत्र घातला आणि माणूस उठून घरी गेला. तो खोटारडा असतोच असे नाही. त्याचा अनुभव खरा असतो, फक्त हिशोब चुकलेला असतो. आता खुर्ची बदला. तीस-चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर एखादा डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणतो, ‘माझा अनुभव आहे, हे इंजेक्शन दिले की पेशंट उठतो.’ त्याचा आणि मंत्र घालणाऱ्याचा हिशोब एकाच वहीत लिहिलेला असतो, हे कबूल करायला मला स्वतःला बरीच वर्षे लागली. तातडीच्या वैद्यकात तर ही चूक फार सहज होते. रोगी एक तर लवकर सुधारतो, नाहीतर लवकर जातो. सुधारला तर आपल्या उपायाने, गेला तर उशिरा आणल्यामुळे.

या हिशोबाची किंमत किती पडू शकते याची दोन उदाहरणे पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहेत. इथे ओझरती सांगतो. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेल्याला स्टिरॉइड देण्याची चाल अनेक वर्षे होती. मेंदूची सूज उतरेल, हा तर्क कुणालाही पटण्यासारखा. ‘क्रॅश’ या नावाने झालेल्या चाचणीत दहा हजारांवर जखमी घेतले गेले आणि २००४ साली ती मुदतीआधीच थांबवावी लागली : दोन आठवड्यांत स्टिरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. दुसरे उदाहरण सलाईनचे. तापाने फणफणलेले, हातपाय गार पडलेले मूल आले की जोरात सलाईन सोडायचे, हे आम्हाला शिकवले गेले होते. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या रुग्णालयांत तीन हजारांवर मुलांवर ‘फीस्ट’ चाचणी झाली, २०११ साली निकाल आला. झपाट्याने सलाईन दिलेल्या मुलांत ४८ तासांतले मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या आसपास, हळू दिलेल्यांत ७.३ टक्के. तो निबंध मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आजवर आपण सोडलेल्या बाटल्या मोजाव्याशा वाटल्या, आणि मोजता येणार नव्हत्या, कारण त्यांची नोंदच नव्हती.

आता कोकणातला पुरावा.

लाल विंचू आपल्या जांभ्याच्या मुलखाचा जुना रहिवासी. गडग्याच्या भेगांत, चिऱ्यांच्या राशीखाली, मांगरातल्या लाकडांत तो असतो, आणि उन्हाळ्यात व पावसाळा सरताना त्याचा दंश अधिक दिसतो. त्याच्या एका उपजातीला शास्त्रज्ञांनी दिलेल्या लॅटिन नावातच कोकण आहे. या विंचवाने माणूस मरतो, आणि मरताना फुप्फुसात पाणी भरून, गुलाबी फेस येऊन मरतो, हे १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये कळवले होते. तरी पुढची वीसेक वर्षे खेडोपाडी उपचार होते ते हाताला येतील तसे : अ‍ॅट्रोपिन, स्टिरॉइड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शने, गुंगीच्या औषधांचे मिश्रण.

१९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, पडेल ते काम करून शिकलेले हिंमतराव बावस्कर. त्यांच्याजवळ अतिदक्षता विभाग नव्हता. विंचू चावलेली मुले येत आणि डोळ्यांदेखत जात. बावस्करांनी केले ते एवढेच, की ते खाटेशेजारी बसले आणि लिहीत गेले. दंश केव्हा झाला, उलटी केव्हा सुरू झाली, घाम किती, हातपाय गार केव्हा पडले, रक्तदाब आधी किती चढला, मग किती उतरला. त्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. ज्यांना उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे आणि पुरुषांत लिंगाची ताठरता ही लक्षणे लवकर दिसतात, त्यांचेच हृदय पुढे धोक्यात येते. विषाची कुळी सापडण्याआधी धोक्याची चाहूल सापडली. ते टिपण १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले.

त्या क्रमात उपायही दडलेला होता. विंचवाचे विष मज्जातंतूंना असे चाळवते की शरीरातच अ‍ॅड्रेनलिनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलावे लागते, ते थकते आणि पाणी मागे फुप्फुसांत साचते. मग ती आवळण सोडवणारे औषध द्यायला हवे. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी नेमके तेच करते. प्राझोसिनचा अनुभव त्यांनी १९८६ साली पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. गोळी तोंडाने द्यायची, शीतकपाट नको, तज्ज्ञ नको. एक पथ्य मात्र कडक : पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम पडू शकतो, म्हणून रोग्याला आडवेच ठेवायचे, आणि रडते पोर आईने खांद्याशी उभे धरायचे नाही. आईच्या हातून पोर काढून खाटेवर ठेवणे हे त्या गोळीइतकेच उपचाराचे काम आहे. कोणत्याही सिस्टरला विचारा, गोळी देणे त्यामानाने सोपे.

आधी गंभीर दंशातले शंभरांपैकी तीस-चाळीस दगावत, प्राझोसिन रुळल्यावर ते प्रमाण एक-दोनवर आले, असा बावस्करांचा स्वतःचा हिशोब आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा महाडपासून मालवणपर्यंत सगळ्या छोट्या दवाखान्यांना ती आपलीच वाटली. पण हे पुस्तक कौतुकाचे नाही, तेव्हा इथे थांबून एक खोचक प्रश्न विचारायला हवा. आधीची वर्षे आणि नंतरची वर्षे यांची तुलना म्हणजे पुरावा झाला का? त्याच वर्षांत रस्ते झाले, जीप आल्या, माणसे लवकर पोचू लागली. सुधारणेतला किती वाटा गोळीचा आणि किती रस्त्याचा? फरक इतका मोठा असताना सगळे श्रेय डांबराला देता येत नाही, हे माझे मत. पण प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्याला वैरी समजू नये.

कारण पुढच्या प्रश्नावर बावस्करांनी स्वतःच चिठ्ठ्या टाकल्या. विंचवाच्या विषावर लस निघाली होती. ती प्राझोसिनच्या जोडीला द्यावी का? महाडला ७० रोगी घेतले, कुणाला काय मिळणार हे नशिबावर सोडले. पस्तिसांना दोन्ही, पस्तिसांना नुसते प्राझोसिन. दहा तासांत पूर्ण सावरले ते पहिल्या गटात ३२, दुसऱ्यात ८. २०११ साली हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. नीट पाहा : प्राझोसिनविना कुणालाच ठेवलेले नाही. जे उपयोगी आहे असे आपण मानतो ते केवळ आकड्यांसाठी काढून घेता येत नाही. आणि दुसरे : कुणाला काय दिले हे डॉक्टरांना दिसत होते, म्हणजे ‘सावरला’ हे ठरवणारा डोळा पूर्ण तटस्थ नव्हता. चांगल्या चाचणीतही अशी फट राहते, ती शोधायची सवय या पुस्तकातून लागली तर मला पुरे आहे.

हाच प्रश्न ट्युनिशियात विचारला गेला होता. तिथे ८२५ दंश झालेल्या माणसांत लसीने काही फरक पडला नाही. १९९९ साली तसे छापून आले. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात अवघी १५ अत्यवस्थ मुले घेतली. लस मिळालेली आठही चार तासांत सावरली, न मिळालेल्या सातांतले एक. ते २००९ साल. मग खरे कोणाचे? तिघांचेही. ट्युनिशियाने विंचू चावलेले सगळेच घेतले, त्यात आपोआप बरे होणारे भरपूर होते. अ‍ॅरिझोनाने फक्त गंभीर घेतले, आणि विंचू वेगळा. महाडचा विंचू आणखी वेगळा, शिवाय सोबत गोळी. परदेशातले मार्गदर्शक सूत्र जसेच्या तसे देवगड-वेंगुर्ल्यात का लागू करता येत नाही, हे यापेक्षा सोपे करून मला सांगता येत नाही.

सापांबाबत तर आपले घर अजून उघडेच आहे. फुरसे ही या पट्ट्याची जुनी पीडा. डिसेंबर १८६२ मध्ये त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात, ज्यात आजचे मालवण-वेंगुर्लेही येत, इनाम लावल्यावर आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली. आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर बनते, आणि तिच्यासाठी लागणारे विष बहुतांशी तामिळनाडूतल्या इरुळा सहकारी संस्थेकडून येते. तिथल्या फुरशाच्या विषावर बनलेली लस इथल्या फुरशाला किती लागू पडते? काजूच्या बागेत हाताला डसणारा चापडा तर या चौघांत नाहीच. त्याच्या दंशाला ही लस देऊन आपण रोग्याला फक्त तिची रिअ‍ॅक्शन देतो का? दरवर्षी काजूच्या हंगामात हे रोगी येतात, जातात, आणि केसपेपर रद्दीत जातात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंश दुर्लक्षित रोगांच्या वरच्या यादीत घातला, आपल्या केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. त्या आराखड्यात चापड्याचे उत्तर कुठून येणार? सावंतवाडी-दोडामार्गच्या वॉर्डातूनच येईल, दुसरीकडून येण्याचा संभव नाही. दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात २०१६ साली माकडताप निघाला, तेव्हाही मेलेल्या माकडांची खबर आधी गावकऱ्यांकडे होती.

हत्यारे फार लागत नाहीत. फुरसे किंवा घोणस चावल्याचा संशय असेल तर दोन मिलिलीटर रक्त काचेच्या नळीत घालून वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी आडवी करायची. रक्त वाहिले तर विष भिनले आहे. नळी काचेचीच हवी, नवी आणि कोरडी. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत चांगले रक्तही नीट गोठत नाही आणि नसलेल्या विषाला लस दिली जाते. ग्रामीण रुग्णालयांत ही नळी कुलपात नसावी, एवढी एक मागणी मी जाता जाता नोंदवून ठेवतो.

एक अडचण मात्र पैशाने सुटत नाही. रात्री दोनला बाप दारात उभा राहतो आणि म्हणतो, ‘डॉक्टरानू, काय ता करा, पण झिलाक वाचवा.’ या माणसाची संमती घ्यायची म्हणजे काय करायचे? तो कशालाही हो म्हणेल, म्हणून त्याच्या हो म्हणण्याला अर्थ उरत नाही. आफ्रिकेतल्या त्या सलाईनच्या चाचणीत आधी आईबापांची तोंडी परवानगी आणि मूल स्थिरावल्यावर सविस्तर लेखी संमती, असा मार्ग काढला होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही आणीबाणीच्या प्रसंगी, नीतिसमितीने आधी मंजूर केले असेल तर, संमती मागाहून घेण्याची सोय आहे. चाचणीची नोंद देशाच्या नोंदवहीत आधीच करावी लागते, २००९ पासून तशी सक्तीच आहे, म्हणजे निकाल नावडता निघाला तर दडपणे अवघड जाते. नियम वाचायला कंटाळवाणे आहेत. पण त्या बापाचा चेहरा समोर ठेवून वाचले की त्यांतले एकेक कलम कुणासाठी लिहिले आहे ते कळते.

पुस्तक कसे वाचावे, याबद्दल माझा फारसा आग्रह नाही. संख्याशास्त्राचे प्रकरण मधे आहे. ते पहिल्या वाचनात वगळले तरी रागावणार नाही, पण दुसऱ्यांदा वगळू नका. श्वासयंत्रावरच्या प्रकरणाची सुरुवात १९५२ च्या कोपनहेगनमधून होते. पोलिओने श्वास थांबलेल्या रोग्यांना वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून जगवले, आणि अतिदक्षता विभागाची कल्पना त्यातून निघाली. बांबोळीच्या वाटेवर सिस्टर किंवा नातेवाईक दाबत असतो ती अ‍ॅम्बू बॅगही त्याच देशात, चार वर्षांनी जन्मली. हे प्रकरण १०८ च्या गाडीवरच्या मंडळींनी जरूर वाचावे. ते डॉक्टर नसले तरी इंग्रजी शब्दांवाचून त्यांना कळेल असे लिहिले आहे, आणि काही प्रश्न तर त्यांच्याखेरीज कुणालाच सोडवता येणार नाहीत.

विद्यार्थ्यांनो, परिचारिकांनो, आरोग्य केंद्रात एकट्याने रात्र काढणाऱ्या डॉक्टरांनो, तुमचे या विषयात स्वागत आहे. पहिले प्रकरण वाचायच्या आधी एक काम करा. आज रात्री जो दंशाचा रोगी येईल त्याच्या केसपेपरवर तीन वेळा लिहा : चावला किती वाजता, तुमच्याकडे पोचला किती वाजता, पहिले औषध दिले किती वाजता. ‘संध्याकाळी’ असे लिहू नका. घड्याळ पाहून लिहा, आणि तो कागद रद्दीत जाऊ देऊ नका.